न थांबणाऱ्या गाडीची चौकशी

मल्हारी पगारे यांना नवी गाडी घ्यायची होती आणि तिच्याकडून त्यांची एकच अपेक्षा होती. तिने वाटेत थांबू नये.

रंग कोणताही चालणार होता. आत गाणी वाजली नाहीत तरी त्यांची हरकत नव्हती. गाडी साडेतीन लाखांच्या आत बसली पाहिजे, ही अट त्यांच्या पत्नीची, यशोदाबाईंची. मुलीचं, सृष्टीचं, कॉलेज अजून संपायचं होतं. पण थांबण्याच्या बाबतीत पगारे कोणाचं ऐकणार नव्हते. त्याला कारणही तसंच घडलं होतं. आदल्या वर्षी यशोदाबाईंच्या भाचीचं लग्न नामपूरला होतं. पगारेंनी भाड्याची जीप ठरवली, सगळ्यांनी नवे कपडे घातले, आहेर बरोबर घेतला, आणि भावडबारीच्या घाटात जीपने जी बसकण मारली ती दुपारपर्यंत उठली नाही. नामपूरला पोचले तेव्हा मांडवाचे बांबू सुटत होते आणि नवरी सासरी गेली होती. मेहुण्याने पाण्याचा तांब्या पुढे करत हसून विचारलं, "आते उनात का, दाजी?" आत्ता आलात का, एवढंच त्याने बागलाणी बोलीत विचारलं होतं. पण पगारेंच्या कानात तो प्रश्न पुढे कित्येक महिने वाजत राहिला.

ही गोष्ट २००४ सालची. पगारे नाशिकला त्र्यंबक रोडवर पाटबंधारे खात्यात लिपिक होते आणि यशोदाबाई महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत. शहरातल्या उपनगर नावाच्या भागात, एका कॉलनीत त्यांचं घर होतं आणि दारात एक जुनी स्कूटर. सकाळी तिला एका बाजूला कलती करून, थोडी समजूत घालून मग किक मारावी लागे.

गाडी घ्यायची आहे हे कळल्यावर कॉलनीत सल्ल्यांची रांग लागली. कोणी म्हणे डिझेल घ्या, कोणी म्हणे डिझेलच्या वाटेला जाऊ नका. कोणी म्हणे विकताना किंमत येईल अशी घ्या. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांचे सल्ले जास्त ठाम होते. यशोदाबाईंना कंपन्यांची आणि मॉडेलांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. बटबटीत गोल दिव्यांची ती बेडकी. चौकोनी, कसलाही नखरा नसलेली, तो डबा. आणि डोक्याकडे उंच गेलेली ती टोपी. घरात मग सगळे हीच नावं वापरू लागले. सृष्टी मैत्रिणींना फोनवर सांगायची, "आमच्याकडे बेडकी पुढे आहे, पण पप्पांचा टोपीवर डोळा आहे."

एका शनिवारी तिघं मुंबई नाक्याजवळच्या एका शोरूममध्ये गेले. बेडकी आणि डबा एकाच कंपनीच्या होत्या, त्यामुळे दोन्ही तिथेच उभ्या होत्या. गाड्या दाखवणाऱ्या तरुणाच्या शर्टावर नावाची पट्टी होती, समाधान. तो खरोखर चांगला मुलगा होता. त्याने दारं उघडून दाखवली, सीट मागे-पुढे करून दाखवली, अ‍ॅव्हरेज सांगितलं, डिकीत किती बॅगा मावतात तेही सांगितलं.

"वाटेत बंद पडते का?" पगारेंनी विचारलं.

"अजिबात नाही सर."

"डबा? म्हणजे ही दुसरी?"

"तीही नाही सर."

यशोदाबाई इतका वेळ बेडकीचं बॉनेट उघडून आत बघत उभ्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "समाधान, एखादी बंद पडलेली बघायला मिळेल का?"

आपण नीट ऐकलं नाही असं समाधानला वाटलं. "काय मॅडम?"

"बंद पडलेली. या सगळ्या चांगल्याच दिसताहेत. सगळीच मुलं पहिल्या दिवशी चांगली दिसतात. मला बिघडलेली बघायची आहे, म्हणजे कशाने बिघडते ते कळेल."

सृष्टी एकदम टोपलीतल्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघायला लागली. समाधानने माहितीची पत्रकं दिली, थंड पाणी दिलं, आणि बंद पडलेली गाडी सध्या उपलब्ध नाही असं अदबीने सांगितलं.

घरी येताना रिक्षात यशोदाबाई माहितीची पत्रकं चाळत होत्या. द्वारकेच्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "अहो, आपल्याकडे गाड्या सगळ्यात जास्त कुठे बंद पडतात?"

"कसारा घाटात," पगारे म्हणाले. "मे महिन्यात तर विचारू नको. मुंबईवाले सुट्टीला निघतात, गाडीत माणसं कोंबलेली, वर सामान. अर्ध्या घाटात बॉनेट उघडून उभे असतात."

"उद्या रविवार आहे," यशोदाबाई म्हणाल्या.

पगारेंनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या स्वराची त्यांना ओळख होती. एकदा दूध का नासतं हे बघण्यासाठी तिने घरातल्या सात पातेल्यांत सात ठिकाणी दूध ठेवलं होतं.

सृष्टीने यायला साफ नकार दिला. "लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या बघायला सहलीला जायचं? मी कोणाला सांगू पण शकत नाही."

रविवारी सकाळी दोघं एस.टी.ने निघाले. इगतपुरी मागे पडली, घाट सुरू झाला, तसे पगारे कंडक्टरजवळ जाऊन विनवणी करू लागले. उतारावर एका रुंद वळणाशी बस क्षणभर थांबली आणि दोघांना उतरवून पुढे गेली. रस्त्यापलीकडे, चढाच्या बाजूला, ताडपत्रीखाली एक चहाची टपरी होती. तिच्या मालकिणीचं नाव तानुबाई. लिंबू सरबत, चहा, उकडलेली अंडी आणि पाण्याने भरलेली निळी पिंपं असा तिचा पसारा होता.

"कुणाची वाट बघताय?" बराच वेळ दोघं बाकड्यावरून हलेनात तेव्हा तानुबाईने विचारलं.

"गाडी बंद पडायची," यशोदाबाई म्हणाल्या.

तानुबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग सगळं ऐकून घेतल्यावर ती त्यांच्या शेजारीच येऊन बसली. "मंग लाल घेऊ नका. लाल गाडी लय तापती. मी बघते ना रोज. लाल आली का पाणी मागती."

"रंगाने कशी तापेल?" पगारे म्हणाले.

"आता ते मला काय म्हाईत? तापती."

यशोदाबाईंना मात्र हे एकदम फेटाळून लावावंसं वाटलं नाही. लाल रंग उन्हात किती तापेल आणि पांढरा किती, याचा त्या विचार करू लागल्या. तेवढ्यात एक लाल गाडी सणसणत चढून गेली आणि तानुबाईने तोंड फिरवलं.

ऊन चढलं तशा गाड्या थांबू लागल्या. एक मोठी जीप आली, तिचा पट्टा तुटला होता. एका टॅक्सीचा सायलेन्सर लोंबत होता. एक गाडी तर बिघडलीच नव्हती, आत लहान मूल ओकत होतं. आणि मग वळणावरून ठिपक्याएवढी दिसणारी एक गाडी हळूहळू जवळ आली, टपरीच्या अलीकडे थबकली, आणि तिच्या तोंडातून वाफ निघू लागली.

"बेडकी!" पगारे उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला. आदल्याच रात्री त्यांनी टोपीचा नाद सोडून बेडकी घ्यायचं मनाशी ठरवलं होतं.

गाडीतून एक तरुण उतरला. मागे तीन बायका, दोन मुलं, छतावर बांधलेल्या बॅगा. त्याने बॉनेट उघडलं, खांद्यावरचा नॅपकिन हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला.

"थांबा!" यशोदाबाई ओरडल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. तरुणाचा हात जागच्या जागी थांबला. त्या बाकड्यावरून उठून धावतच गेल्या. "झाकण उघडू नका. आत पाणी उकळतंय, सगळी वाफ तोंडावर येईल. कुकरची शिटी काढता का तुम्ही गॅसवर असताना?"

तरुण दोन पावलं मागे सरला. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "मी तेच म्हणत होते," जरी ती तसं काही म्हणत नव्हती. सगळे खाली उतरले, तानुबाईचं सरबत प्यायले, गाडी थंड व्हायची वाट बघत बसले. वाफ निवली तेव्हा यशोदाबाईंनी स्वतः उभं राहून झाकण हळूहळू उघडायला लावलं. आत पाण्याचा थेंब नव्हता.

"पाणी कधी घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

तरुण गोंधळला. "यात आपण घालायचं असतं?"

"गाडी कधीची आहे?"

"दोन वर्षं होतील. सर्व्हिसिंगला टाकायचीच होती."

"दोन वर्षांत एकदाही नाही?"

त्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं पाहून पगारे पटकन तानुबाईच्या पिंपातून बादली भरून आणायला गेले. बेडकीने घटाघटा पाणी पिऊन घेतलं, थोडी खाकरली, आणि सगळ्यांना घेऊन वर चढून गेली.

"बघितलंस?" पगारे बाकड्यावर येऊन बसले. "बेडकी गेली. टोपी बघू."

"बेडकी कशी गेली? माणसाला दोन वर्षं पाणी दिलं नाही तर?"

"म्हणजे ती चांगली?"

"तेही कळलं नाही अजून." यशोदाबाई रस्त्याकडे बघत होत्या. समोरून गाड्या चढत होत्या, वळण घेत होत्या, नाहीशा होत होत्या. "अहो, आपलं चुकतंय. इथे बसून आपल्याला फक्त थांबलेल्या गाड्या भेटताहेत. ज्या थांबत नाहीत त्या निघून जातात. आणि आपल्याला तर तीच हवी आहे. तिला विचारायचं कसं?"

पगारेंनी यावर विचार केला. "तिला थांबवायला लागेल," ते म्हणाले.

पुढच्या काही गाड्यांना पगारेंनी हात केला. एकही थांबली नाही. ऑफिसात फायलीची वाट बघत उभं राहणाऱ्या माणसासारखा त्यांचा हात अर्धाच वर जाई. मग यशोदाबाई पुढे झाल्या. वळणावरून एक डबा येत होता, पांढरा, जुना, पुढचा बंपर एका बाजूला दबलेला, पण आवाज एकसारखा. त्यांनी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देताना करतात तसा हात उभा केला. डबा थांबला.

काच खाली झाली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेल्या. "काय झालं बाई? कोणाला लागलं का?"

"नाही, नाही. तुमची गाडी कधी बंद पडते का, एवढंच विचारायचं होतं."

त्या बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मोठ्याने हसल्या. "बसा. कुठं जायचंय? नाशिकला? बसा, जाता जाता बोलू. मागं जपून, साड्या आहेत."

त्यांचं नाव वत्सलाबाई. राहणाऱ्या येवल्याच्या. पैठण्या घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला जायच्या, दादर-पार्ल्याच्या ठरलेल्या घरांत दाखवायच्या आणि उरलेल्या घेऊन परत यायच्या. मागच्या अर्ध्या सीटवर पांढऱ्या मलमलीत बांधलेले गठ्ठे होते. पगारे त्यांच्या कडेला अंग चोरून बसले. यशोदाबाई पुढे.

"किती वर्षांची गाडी?"

"नऊ झाली. नवी घेतली होती."

"आणि बंद?"

"कधीच नाही. देवाशपथ सांगते."

"का नाही पडत?"

"आता हे मला काय विचारता? मी चालवते, ती चालते." वत्सलाबाईंनी गिअर बदलला. "सोमवारी सकाळी पेट्रोल टाकते, दसऱ्याला हार घालते. बाकी गॅरेजवाल्याला माहीत."

इगतपुरी गेली, घोटी गेली. पगारे मागून एकेक प्रश्न विचारत होते. ब्रेक? उत्तम. थंडीत सुरू होते? एका किल्लीत. वत्सलाबाईंनाही आता त्यात रस वाटू लागला होता. आपल्या गाडीबद्दल इतकं कोणी कधी विचारलं नव्हतं. "खरंच की," त्या मधेच म्हणाल्या, "मी कधी विचारच केला नाही हिचा."

त्या असं म्हणाल्या आणि वाडीवऱ्हे यायच्या आधी गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. इंजिनाचा आवाज एकाएकी गेला आणि गाडी नुसत्या वेगावर घरंगळत रस्त्याच्या कडेला एका बाभळीजवळ जाऊन उभी राहिली.

वत्सलाबाईंनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं.

यशोदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं न थांबलेली गाडी आपण बसलो आणि थांबली! पगारे उतरले, बॉनेट उघडलं, आत पाहिलं. काय बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. यशोदाबाईंनी मात्र समोरच्या काट्याकडे बोट केलं. "हा पेट्रोलचा ना? टाकी भरलेली दाखवतोय."

"तो कायमचाच तसा आहे. तीन-चार वर्षं झाली. सोमवारी टाकलं की मला आठवडा पुरतं." वत्सलाबाई थांबल्या. "पण या सोमवारी... या सोमवारी मी नातवाच्या बारशाला वैजापूरला होते."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग वत्सलाबाईच आधी हसल्या. हसताना त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पगारेंनी डिकीतलं पाच लिटरचं रिकामं डबडं घेतलं. थोड्याच वेळात मुंबईहून रिकामा परतणारा पिंपळगावचा द्राक्षांचा टेम्पो थांबला आणि त्यांना पुढच्या पंपापर्यंत घेऊन गेला. दोघी बायका राहिल्या. बाभळीची विरळ सावली गाडीच्या उजव्या बाजूला पडली होती, डावीकडून ऊन आत येत होतं.

"तुम्ही इकडं बसा," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला उन्हानं त्रास होतोय. मी मागं पडते जरा, पाठ धरलीय."

अशा रीतीने यशोदाबाई पहिल्यांदा स्टिअरिंगच्या मागे बसल्या, आणि त्याही बंद गाडीत. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मग त्यांनी चाकावर ठेवले. ते उन्हाने गरम झालं होतं.

"खाली हे तीन कसले?"

"उजवा पळवायचा, मधला थांबवायचा, डावा क्लच."

"क्लच करतो काय?"

मागून वत्सलाबाईंनी दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर दाबून दाखवले. "इंजिन नि चाकं असे चिकटलेले असतात. दाबला की सुटतात." त्यांनी तळवे वेगळे केले. "सोडला की चिकटतात. हळू सोडायचा, नाहीतर धक्का बसतो."

यशोदाबाई वीस वर्षं पाचवी-सहावीच्या मुलांना घर्षण शिकवत होत्या. पाटीवर ठोकळा ओढायचा, काचेवर ठोकळा ओढायचा. घर्षणाने गाडी थांबते हे त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं. घर्षणानेच ती निघतेही, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी डावा पाय दाबला. गिअरचा दांडा हलवून पाहिला. पहिला, दुसरा. पाय सोडला. परत दाबला. प्रत्येक गिअरला हाताला वेगळी खाच लागत होती, आणि ती लागली की त्यांना वर्गात एखाद्या मुलाला गणित सुटतं तसं वाटत होतं.

"तुम्ही कशा शिकलात?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं ड्रायव्हर होता. गुटखा खायचा. एकदा दादरच्या वाटेवर खिडकीतून थुंकला, वारं उलटं, आणि एक लाल थेंब मागं येऊन पिस्ता रंगाच्या पैठणीवर पडला. पदरावर, मोराच्या डोळ्यात. विणणाऱ्यानं चार महिने घातले होते त्या साडीत. मी तिथंच त्याला उतरवला. मग उतरवला खरा, पण गाडी नेणार कोण? उभी राहिले तशीच. त्या आठवड्यात क्लास लावला. चाळीस उलटली होती." त्या जरा थांबल्या. "तुमची गाडी कोण चालवणार? तुम्ही?"

"नाही, हे चालवतील."

"त्यांना येते?"

"शिकतील."

"मग तुम्ही का नाही?"

गेले दोन महिने घरात अ‍ॅव्हरेजपासून डिकीपर्यंत सगळं बोलून झालं होतं, पण हा प्रश्न सृष्टीनेही विचारला नव्हता. यशोदाबाईंनी पुन्हा क्लच दाबला.

पगारे परत आले ते कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर पेट्रोलचं डबडं धरून. उतरल्यावर त्यांना दिसलं की आपली बायको बंद गाडी पूर्ण लक्ष देऊन चालवते आहे. त्यांनी डबडं उघडून पेट्रोल ओतलं, वत्सलाबाई चाकावर बसल्या, किल्ली काही वेळा कुरकुरली आणि मग डबा जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. द्वारकेला दोघांना उतरवून त्या येवल्याच्या रस्त्याला लागल्या. जाताना काच खाली करून म्हणाल्या, "आता कोणी विचारलं तर एकदा थांबली होती म्हणून सांगावं लागेल मला!"

घरी सृष्टीने दारातच विचारलं, "मग? कोणती जिंकली?"

"डबा थांबला," पगारे म्हणाले, "बेडकीही थांबली. टोपी दिसलीच नाही." आणि ते आंघोळीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पगारेंनी बशी खाली ठेवली. "तू बसली होतीस ना काल, तिथे," ते म्हणाले, "कसं वाटलं?"

"काय सांगू? बंदच होती गाडी." मग त्यांना राहवेना. "अहो, क्लच म्हणजे नुसतं घर्षण आहे! मी इतकी वर्षं मुलांना अर्धंच सांगत होते."

पगारे खिडकीबाहेर बघत होते. "तुला एक सांगू का? मला गाडी हवी होती. चालवायला नको होती. दोन महिने झाले, रोज झोपताना वाटतं, चौकात गाडी माझ्या हातून बंद पडेल आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतील. स्कूटरवर मी बावीस वर्षं रस्त्यातले खड्डे बघतोय. मला बाजूला बसून बाहेर बघायचंय."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही. आणि गाडी पुरुषानेच चालवायची असं मीच धरून चाललो होतो."

यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांना नवऱ्याचा एकदम लोभ वाटला. त्या उठल्या आणि त्यांनी पुन्हा थोडा चहा टाकला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्यांच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी यायची. शिकवणारा माणूस कमी बोलायचा आणि दर वळणाला डोळे मिटायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी इंजिन इतक्या वेळा बंद पाडलं की त्यांना त्याच्या कारणांचे प्रकार कळू लागले. क्लच लवकर सोडला म्हणून, गॅस कमी दिला म्हणून, तिसऱ्या गिअरमध्ये निघायला बघितलं म्हणून. महिन्याभराने त्या पगारेंना म्हणाल्या, "चला, आता गाडी निवडू."

"आता कशी निवडणार?"

"मला कोणती बंद पाडता येत नाही ते बघू. मी नवशिकी आहे तोपर्यंतच हे कळेल. नंतर कळणार नाही."

आधी ते टोपीच्या शोरूमला गेले. तिथल्या माणसाला मागे बसवून यशोदाबाईंनी गाडी पांडवलेणीच्या डोंगराच्या, पगारे जुन्या नावाने म्हणत त्या त्रिरश्मीच्या, पायथ्याला चढावर नेली, मधोमध थांबवली आणि पुन्हा काढायला गेल्या. टोपी मागे घरंगळली. मागचा माणूस सीटला धरून बसला. उंच बसून रस्ता छान दिसत होता, पण क्लच पार तळाशी गेल्याशिवाय सुटत नव्हता आणि यशोदाबाईंची उंची बेताची. पाय पुरेसा जायचा नाही. दोनदा गाडी बंद पडली.

मग समाधानकडे. त्याने त्यांना लगेच ओळखलं आणि जरा सावध झाला. पगारेंनी शोरूमच्या दारात किल्ली त्याच्याकडून घेतली आणि यशोदाबाईंच्या हातात दिली. समाधानने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मुकाट मागे बसला.

डबा त्याच चढावर एकदा बंद पडला.

"बंद पडली मॅडम, काही घाबरू नका," समाधान मागून म्हणाला.

"पडली नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "मी पाडली. तो फरक महत्त्वाचा आहे."

बेडकीवर त्यांनी मुद्दामच घाई केली. क्लच झटकन सोडला. गाडी थरथरली, हुंदका दिल्यासारखी झाली, आणि निघाली. पुन्हा थांबवून पुन्हा केलं. पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा तर त्यांनी पाय जवळजवळ काढूनच घेतला, तरी बेडकीने आचका देऊन चढ धरला. यशोदाबाईंनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडायला सांगितलं आणि पाण्याची टाकी कुठे आहे, कुठपर्यंत भरायची, महिन्यातून किती वेळा बघायची, हे समाधानला विचारलं. समाधानला त्यातलं सगळं सांगता आलं नाही. त्याने शोरूममध्ये परतल्यावर सर्व्हिसच्या माणसाला बोलावून आणलं आणि स्वतःही शेजारी उभं राहून ऐकलं.

"पण कसाऱ्याला हीच थांबली होती," पगारे हळूच म्हणाले.

"पाण्याशिवाय दोन वर्षं चालून," यशोदाबाई म्हणाल्या. "अहो, दोन वर्षं!"

बेडकी ठरली. रंग राखाडी घेतला, कारण पांढऱ्याला थांबावं लागणार होतं आणि लाल रंगाबद्दल यशोदाबाईंच्या मनात थोडी शंका उरली होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. गणपतीच्या आधी गाडी दारात आली. कॉलनीतले सगळे जमले. गाडी नसलेल्यांनी टायर दाबून पाहिले. सृष्टीने पुढे उदबत्ती लावली आणि समोरच्या कप्प्यात बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली.

पक्कं लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी यशोदाबाईंनी पगारेंना ऑफिसला सोडायचं ठरवलं. शाळा दुपारची होती. पगारे जेवणाचा डबा मांडीवर घेऊन डावीकडे बसले, काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं, मग ते आत घेतलं. उपनगर नाका गेला. गाडी नासर्डीच्या पुलावर आली.

"अगं," पगारे म्हणाले, "खाली कोणीतरी मेथी लावलीय!"

"कुठे?"

"नदीच्या पात्रात. चांगले वाफे आहेत. बाई पाणी घालतेय तांब्याने. हे कधीपासून आहे?"

"मला काय माहीत? तुम्ही जाता रोज."

"मी कधी बघितलंच नाही. जरा हळू घे ना."

"मागे बस आहे," यशोदाबाई म्हणाल्या, पण त्यांनी गिअर एकाने खाली आणला. पगारेंनी मान वळवून वाफे दिसेनासे होईपर्यंत पाहिलं आणि मग पुढच्या गोष्टीकडे वळले. पुढे रस्त्याकडेला एका जुन्या घराच्या गच्चीवर कोणीतरी पतंगासाठी मांजा सुकत घातला होता आणि तो कुठून कुठपर्यंत बांधलाय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.